खडू कुणाच्या हातात होता

इरफान, तुला फेफरं नव्हतं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. तुझ्या मातीला आज बारावा दिवस, आणि तुमच्या गल्लीपासून आपल्या कॉलेजच्या कॅन्टीनपर्यंत सगळ्यांचं ठरून गेलंय की पोराला मिरगी होती, घरच्यांनी लपवली, गाडीवर झटका आला आणि पोरगं गेलं. परवा चहाच्या टपरीवर एक जण मलाच समजावून सांगत होता. "खिशात गोळ्या सापडल्या ना बे, आणखी काय पुरावा पायजे?" मी कप फळीवर असा आपटला की चहा सांडला, लोक बघायला लागले. त्या गोळ्या तुझ्या नव्हत्या. कुणाच्या होत्या हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी गप्प बसलो.

गप्प बसायची ही माझी तिसरी वेळ. पहिल्या वेळी तू माझ्या शेजारीच उभा होतास. दुसऱ्या वेळी तू दाराआड पडून होतास, तुला काही कळत नव्हतं. म्हणून आज सगळं सलग लिहितो. एरवी मी एक वाक्य बोललो की तू मध्ये तीन बोलायचास. आज बोल की. बोल बे, एकदा तरी मध्ये बोल.

आपण दोघं बी.एस्सी. नर्सिंगला आलो तेव्हा दोन्हीकडची माणसं आधी हसलीच. आमच्या माजलगावच्या उसात माझा चुलता म्हणाला, "पोरींचं शिक्षण घेतलं व्हय रं दत्त्या?" तुझे अब्बा गॅरेजात पाना पुसत म्हणाले, "मशीन का काम छोड के आदमी का काम करेगा? कर. औजार साफ रखना." वॉर्डात इंजेक्शनचा ट्रे लावताना तू हे वाक्य रोज म्हणायचास, अगदी अब्बांच्या आवाजात. सिस्टर लोक हसायच्या. पेशंट "ओ ब्रदर" म्हणून हाक मारायचे तेव्हा मी लाजायचो, आणि तू "बोलो जी" म्हणून पळायचास.

शेवटच्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट असतो. आपल्याकडं त्याची पद्धत ठरलेली होती. सिनियरचा जुना प्रोजेक्ट घ्यायचा, गावाचं नाव बदलायचं, "ज्ञान आणि दृष्टिकोन" हे शीर्षकातले दोन शब्द तसेच ठेवायचे आणि बाइंडिंगला टाकायचं. मी तेच करणार होतो. मला लाज नव्हती, पास व्हायचं होतं. पण त्याच आठवड्यात वॉर्डात ती बाई आली होती, झटका येऊन चुलीत पडलेली, आणि नवरा म्हणत होता की कांदा हुंगवला, चप्पल नाकाला लावली, आणखी काय करावं माणसानं. तू त्या दिवशी जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच्या मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन विषय बदलून आलास. गावात फेफऱ्याचे पेशंट किती, त्यातले गोळ्या घेणारे किती, आणि लपवणारे का लपवतात. मी म्हणालो, "अबे, लपवणारे तुला सांगतील व्हय?" तू म्हणालास, "तेच तर बघायचंय ना यार."

गाव माझ्या ताईच्या सासरचं निवडलं. दुपारी जेवायची सोय आणि गावात ओळख, दोन्ही फुकट. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, वडवणीच्या आसपास कुठंतरी धरावं. तिथल्या एका मावशींचं नाव लिहीत नाही, त्यांच्या पोरीचं तर नाहीच. मावशी बाजारात काय विकतात तेसुद्धा बदलून लिहितोय. इतकं तरी शिकलो, फार उशिरा शिकलो.

पहिले दोन दिवस काय झालं आठव. दार वाजवायचं, फॉर्म काढायचा, "फेफरं हा मेंदूचा आजार आहे: होय, नाही, माहीत नाही." मेंदू म्हटलं की बाया दारातून आत. "आमच्यात कुणी येडं न्हाई बाबा." सगळ्या गावाचं एकच उत्तर: न्हाई. आमच्यात न्हाई, माहेरात न्हाई, कधी बघितलं पण न्हाई. मला तर आनंद झाला, फॉर्म झटपट भरत होते. तू मात्र तिसऱ्या दिवशी फॉर्म पिशवीतून काढलाच नाहीस. एका ओट्यावर मिक्सर बंद पडलेला दिसला, तू खाली मांडी घातलीस, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढलास आणि त्याचं पोट उघडून बसलास. त्यानंतर कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा. हात चालू, नजर खाली, आणि बाया आपल्या बोलतायत. एकीनं विचारलं, "ह्या फेफऱ्यात डोकं बिघडतं का रं भाऊ?" तू मान वर न करता म्हणालास, "न्हाई मावशी. गाडीची वायर शॉर्ट झाली की हॉर्न आपोआप वाजतो का न्हाई? तेवढंच. इंजिन एकदम चांगलं असतं."

मी तुझ्यावर तिथंच भडकलो. गावाबाहेरच्या पुलावर आपलं कडाक्याचं वाजलं. मी म्हणालो, हा रिसर्च नाही, हे रिपेरिंग हाय. एका घरी मिक्सर दुरुस्त करून विचारायचं आणि दुसऱ्या घरी नुसतं विचारायचं, मग दोन्ही उत्तरं सारखी कशी धरायची? मॅडम विचारतील तेव्हा काय सांगणार? तू दगडावर बसून हाताचं ग्रीस पुसत होतास. "आणि आपण आलो, विचारलं, लिहिलं, निघालो. त्यांना काय मिळालं बे?" मी म्हणालो, मिळायचं ते पुढं सगळ्यांना मिळतं, म्हणून तर रिसर्च करतात. तू म्हणालास, "सगळे कोण? नाव सांग की एकाचं." ह्या भांडणाचा निकाल लागला नाही. पद्धतीच्या बाबतीत मी बरोबर होतो असं मला आजही वाटतं, आणि हे तुला ऐकवायला तू नाहीस याचा मला राग येतो. लई राग येतो.

शिलाई मशीनवाल्या त्या मावशींच्या घरी तू तीन वेळा गेलास. तिसऱ्या वेळी त्यांनी पोरीला पाणी आणायला पाठवलं आणि शिलाई मशीनच्या आडून हळूच सांगितलं. पोरगी विशीची. बारा वर्षांची असल्यापासून झटके. तीन वर्षांपासून गोळ्यांवर एकदम ठीक, गोळ्या पिठाच्या डब्यात. लग्न ठरलेलं, सुपारी फुटलेली. बापाला आणि चुलत्याला माहीत, बाकी गावाला नाही. तू रजिस्टरमध्ये नाव लिहिलं नाहीस, नुसता नंबर टाकलास. बाहेर आल्यावर मला म्हणालास, "दत्त्या, हे घर जपून."

आणि मी काय केलं? पोलिओचे डोस देणारे दारावर खडूनं खूण करतात, तशी आपण झालेल्या घरांवर बरोबरची खूण करत होतो. गावाला सवय होती, कुणी काही म्हणायचं नाही. खडू माझ्याकडं होता. पेशंट सापडले म्हणून डॉक्टरांना घेऊन ज्या तीन घरी परत जायचं होतं, तिथं मी खुणेशेजारी एक छोटा गोल काढला. कशासाठी? तर परत आल्यावर उन्हात रजिस्टर उघडून नंबर शोधायला नको. बस, एवढ्या कंटाळ्यासाठी. त्या तीन घरांपैकी एका घरातल्या म्हाताऱ्याला चावडीसमोर झटके येतात हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दोन दिवसांत गावानं गणित सोडवलं. म्हाताऱ्याच्या दारावर गोल, मग आणखी कुणाच्या दारावर गोल? आठवड्याच्या आत पोरीचं लग्न मोडलं. नवऱ्याकडच्यांनी कारणसुद्धा सांगितलं नाही, नुसता नारळ परत पाठवला.

प्रिन्सिपलच्या खोलीत पोरीचा चुलता आला होता. तो ताईच्या सासऱ्याच्या भावकीतला. मॅडम भिंतीला टेकून उभ्या, आपण दोघं टेबलापुढं. त्यानं एकच विचारलं, "खडू कुणाच्या हातात होता?" मी मनात वाक्य जुळवत होतो, खरंच जुळवत होतो, पण तेवढ्यात तू म्हणालास, "माझ्या." चुलत्यानं विचारलं, "नाव काय तुझं?" तू नाव सांगितलंस. तो तुझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "मग बरोबर हाय." खोलीत कुणी काही बोललं नाही. मी पण नाही. त्या नावासकट त्या खोलीत ते वाक्य बोलणं म्हणजे काय होतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि तरी तू बोललास. नंतर जिन्यात मी तुझा दंड धरला तर तू हात सोडवून घेतलास. "तुझी ताई त्यांच्यात दिलीय. तिला तिथं नांदायचंय. मला काय, मी कुठं जाणार हाय त्या गावाला." एवढं बोलून पायऱ्या उतरून गेलास.

तुझं नाव प्रोजेक्टवरून काढलं. संभाजीनगरला विद्यार्थ्यांच्या पोस्टर स्पर्धेत आपलं पोस्टर लागलं, खाली एकट्या माझं नाव. लोक वाचायला थांबले ते "लपवण्याची कारणं" या भागापाशी, जो तू कुकर दुरुस्त करत गोळा केला होतास. मला सर्टिफिकेट मिळालं. परत आलो तेव्हा तू बसस्टँडवर घ्यायला आला होतास आणि विचारलंस, "जेवायला काय होतं बे?" मी म्हणालो, पुलाव. तू म्हणालास, "मटर होते का त्यात?" मी त्या दिवशी सांगायचं ठरवून बसमधून उतरलो होतो, देवाशप्पथ. मग आपण मटरावर बोललो.

तू मात्र त्या गावात नाही, पण तिकडच्या बाजाराला जात राहिलास. लग्न मोडल्यावर बापानं पोरीचा दवाखाना, गोळ्या सगळं बंद केलं. म्हणे गोळ्या कुणाला दिसल्या तर गावात आणखी बोभाटा होईल. तू महिन्याच्या महिन्याला आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यायचास, गोळ्या आणायचास आणि वडवणीच्या बाजारात मावशींच्या पालापाशी जाऊन मेथी घ्यायचास. मेथीच्या जुडीखालून पुडी इकडून तिकडं. पुडी वर्तमानपत्राच्या कागदात, वर चिठ्ठी नाही, नाव नाही. तू मला चार वेळा म्हणालास, "चल की दत्त्या, मावशी तुझी चौकशी करतात." चारही वेळा माझी काहीतरी कामं निघाली. मला मावशींच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता, हे तुला कळलेलं होतं. पाचव्यांदा तू विचारलं नाहीस.

त्या दिवशी तुझी ड्युटी लांबली. बाजार उठायच्या आत पोचायचं म्हणून तू सुटलास. हेल्मेट आरशाला लटकवलेलं. वॉर्डात दहा जणांना हेल्मेटवर भाषण देणारा तू! दिवस मावळायला आला होता, वळणावर उसाची ट्रॉली उभी, मागं ना दिवा ना लाल कागद. उसाच्या घरात वाढलोय मी, कितीदा बघितलंय, मागं एक फडकं बांधायचीसुद्धा कुणाची तयारी नसते. तुझ्या मागून येणाऱ्या जीपवाल्यानं तुला उचलून दवाखान्यात आणलं.

नऊ दिवस तू आयसीयूत होतास. नर्सिंगचा आहे म्हणून मला आत सोडायचे. आपण दोघं एकमेकांवर जी तपासणी शिकलो तीच मी तुझ्यावर केली: डोळे, बोलणं, हालचाल. तोंडात नळी असली की बोलण्याचे मार्क धरत नाहीत. तुझे बोलण्याचे मार्क धरायचे नाहीत, इरफान! पहिल्या दिवशी चिमटा काढल्यावर तू हात थोडासा ओढलास. चौथ्या दिवशी तेही नाही. डोळ्यात टॉर्च मारायचो आणि बाहुली हलायची नाही, आणि मी परत मारायचो, बॅटरी कमी असेल म्हणून.

त्याआधी, तुला आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी, डॉक्टरांनी अब्बांना बाहेर बोलावून ती पुडी दाखवली. "ह्या फिटच्या गोळ्या आहेत. मुलाला आजार होता का?" अम्मी भिंतीला धरून खाली बसल्या. अब्बा म्हणाले, "नहीं साब." डॉक्टर म्हणाले, कधी कधी मुलं घरी सांगत नाहीत. मी तिथंच उभा होतो, दोन हातांवर. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य सुरू केलं की कुणाच्या गोळ्या हे येणार, मग तू का नेत होतास हे येणार, मग लग्न, मग गोल, मग खडू. मी मनाशी म्हणालो, पोरीचं गुपित फुटेल. खरं कारण ते नव्हतं. मी माझी कातडी वाचवत होतो आणि त्या पोरीला आड धरत होतो.

सातव्या दिवशी सिस्टर जेवायला गेल्या आणि पडद्याआड आपण दोघंच होतो. पुस्तकात लिहिलंय की कान सगळ्यात शेवटी जातो. मी तुझ्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "इरफान, डोळे उघड." मग म्हणालो, "अबे, ऊठ ना." एवढंच बोललो. पाच मिनिटं होती माझ्याकडं, आणि मी पाच मिनिटं तुला उठवत बसलो.

तू गेलास त्यानंतर हे मिरगीचं सुरू झालं. तुझ्या बहिणीला बघून गेलेले पाहुणे "थोडं थांबू" म्हणाले. आजार घराण्यात असेल तर, असंही बोलले. आपण ज्याच्यावर प्रोजेक्ट करत होतो तेच तुझ्या दारात येऊन बसलं. टपरीवरून आलो आणि रात्रभर विचार करून काल सकाळी पहिल्यांदा ताईला फोन लावला, कारण मी बोललो तर भोगणार ती. तिनं सगळं ऐकलं. "वरीसभर माझा सासरा त्या पोराला शिव्या घालतोय. अन् तू माझ्या ताटात जेवत ऐकत होतास व्हय रं?" फोन ठेवला. अजून उचलत नाही.

मग गॅरेजात गेलो. अब्बा एका जुन्या गाडीचा कार्बोरेटर खोलून बसले होते. मी समोर स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "अब्बा, वो गोलियां इरफान की नहीं थी."

"मालूम है. मेरा बच्चा मेरे से बीमारी नहीं छुपाता."

"एक पेशंट की थी. उसका नाम..."

"नाम नक्को बोल." त्यांनी हात वर केला, हाताला काळं तेल. "उसने मेरे को बोला था क्या? नहीं ना. फिर तू भी नक्को बोल."

मी म्हणालो, लोक तुमच्या मुलीच्या लग्नाला आड येतायत. ते म्हणाले, "तू बाहर जा के इत्ता बोल, पेशंट की थी. मानेंगे तो मानेंगे." मग मी खडूचं सांगितलं. सुरुवातीपासून सांगितलं, गोल, खोली, चुलता, तुझं "माझ्या", जिना, पोस्टर, सगळं. ते कार्बोरेटरची जाळी फुंकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "उस दिन घर आके खाना नहीं खाया था उसने. मैं समझा पेपर बिगड गया." मला वाटलं आता ते मला उठवून बाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "एक बात बता. वो देने जा रा था, के देके आ रा था?"

"देने."

"मतलब दवा पोचीच नई."

ते जाळी फुंकायचे थांबले.

"कित्ते दिन हुए?"

मी बोटांवर मोजलं. नऊ आणि अकरा. "बीस."

अब्बांनी जाळी खाली ठेवली. "तू नर्स है ना रे?"

इरफान, वीस दिवसांत माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. तुझी बदनामी आली, माझं पाप आलं, ताई आली. गोळी अचानक बंद केली की झटका उलटून येतो, हे आपण पोस्टरवर मोठ्या अक्षरात छापलं होतं, माझ्या नावाखाली. आणि ती पोरगी माझ्या डोक्यात आली नाही. अब्बांनी पान्यांच्या ड्रॉवरमधून ती पुडी काढली, दवाखान्यानं परत दिलेली, एका कोपऱ्यावर तुझं रक्त वाळलेलं. त्यांनी तो कागद काढून स्वतःकडं ठेवला, गोळ्या दुसऱ्या कागदात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. "कल बाजार है ना उधर? जा."

पुडी हातात आल्यावर तरी नर्ससारखं वागलो. तुझ्या त्या डॉक्टरांकडं गेलो, इतक्या दिवसांचा खंड पडलाय तर आता गोळी कशी सुरू करायची ते विचारून, नाव न घालता कागदावर लिहून घेतलं. आज ड्युटी सोडून वडवणीला गेलो. मावशी मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मला ओळखलं, पण आधी माझ्या मागं बघितलं, गाड्या लावतात त्या बाजूला.

"तीन बाजार झाले की रं. इरफान कावून न्हाई आला?"

मी जुडी उचलली, पुडी आणि कागद खाली सरकवला, आणि बोलायला लागलो तो गोळ्यांचंच बोललो. मावशींनी मध्येच थांबवलं. "सोमवारी आला झटका. चुलीम्होरं हुती. हात भाजलाय, ह्ये इथपर्यंत." त्यांनी स्वतःच्या कोपरापाशी बोट ठेवलं. मी म्हणालो, आजच्या आज दवाखान्यात दाखवू, मी येतो संगं, तिच्या बापाशी मी बोलतो. त्या म्हणाल्या, बघू.

मग मी सांगितलं. बाजाराच्या गलक्यात, एका बाईला वांगी मोजून द्यायची होती ती थांबलेली असताना सांगितलं. "मावशी, तुमच्या दारावरचा गोल मी काढला होता. इरफाननं न्हाई. तो माझ्यासाठी खोटं बोलला. पोरीचं लग्न माझ्यामुळं मोडलं."

वर्षभर मी या क्षणाला भीत होतो. त्या ओरडतील, माणसं गोळा होतील, चुलता येईल, मार खावा लागेल, हे सगळं मी किती वेळा मनात घडवलं होतं. मावशींनी माझ्याकडं बघितलं, डोळे जरा बारीक केले, आणि हातानं माशी हाकलावी तसं ते बाजूला केलं.

"ते समजलं. त्याचं बघू म्हागून. इरफान कुठं हाय?"

मी त्यांच्या शेजारी पोत्यावर खाली बसलो.